तिसऱ्या कड्याखाली

नागूबाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. चालायला लागली की एका अंगाला कलंडल्यागत दिसायची. रस्त्यानं जाणारी माणसं म्हणायची, धोंडिराम लोहाराची बायकू वाकडी हाय. वाकडी कसली. चौदाव्या वर्षी लगीन होऊन आली आणि पंधराव्या वर्षापासनं घण मारत व्हती. आठ शेराचा घण रोज उचलला तर कुणाचाबी खांदा उतरंल. ज्याला पटत न्हाय त्यानं एक दिवस उचलून बघावा.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला सोलापूर जितं संपत यायचं तितं त्यांची भट्टी. वर पत्रा, मागं एक खोली, म्होरं बाभळीचं जुनं झाड. धोंडिराम सांडशीनं लोखंड ऐरणीवर धरायचा, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं ठिकाण दाखवायचा, आणि नागूबाई नेमका तितंच घण घालायची. तोंडानं बोलायचं न्हाय. भात्याच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत न्हाय. हातोडी लोखंडावर वाजली की मार. मोकळ्या ऐरणीवर दोनदा टणटण वाजली की थांब. थांब म्हणजे थांब, घण डोक्यावर असला तरी बाजूला टाकायचा, कारण नवऱ्याची बोटं मधी असत्यात. एकवीस वर्षं झाली, त्या टणटणीनंतर तिचा घण एकदाबी खाली आला न्हवता. धोंडिरामची धाच्या धा बोटं जाग्यावर व्हती ती तिच्यामुळं, पण हे कुणी कधी बोललं न्हाय. तीबी बोलली न्हाय.

विळे, खुरपी, नांगराचे फाळ हे तर चालायचंच, पण धोंडिरामचं नाव बंदुकीत व्हतं. ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना त्याच्या बापापासनं घरात. काचंत बसवून भिंतीला लावलेला. दुरुस्ती करायची, नवी घडवायची न्हाय, असं त्याच्यावर साफ लिहिलेलं. माढ्यापासनं मंगळवेढ्यापतूर ज्याला कुणाला पीक राखायला बंदूक घ्यायची असंल, तो घ्यायच्या आधी ती पोत्यात गुंडाळून धोंडिरामला दाखवायला आणायचा. धोंडिराम दस्त्याचं लाकूड बघायचा, घोड्याची कमान ओढून बघायचा, बूड कसं बसवलंय ते बघायचा. शेवटी दस्ता उतरवून नुसती नळी दोऱ्याला टांगायचा आणि सळईनं हलकीच वाजवायचा. सलग, चांगली नळी देवळातल्या घंटीगत लांब वाजती. आत फट असली की आवाज तितंच मरतो.

आता खरं सांगायचं तर धोंडिरामला तो आवाज धा वर्षांपासनं ऐकूच येत न्हवता. त्याचे कान भट्टीनं खाल्ले. ऐकायची नागूबाई. नळी चांगली असली की ती उठून चहाला आधण ठेवायला जायची. वाईट असली की तितंच उभी ऱ्हायची. धोंडिराम तिच्या पायांकडं बघायचा आणि गिऱ्हाइकाला निकाल सांगायचा. तीन तालुक्यांत त्याचा शब्द चालायचा.

मग बहात्तर साल आलं. पाऊस न्हाय, पेरणी न्हाय. बैल चाऱ्याला महाग झाले ते खाटकाकडं गेले. नांगराचा फाळ कुणाला पायजे? भट्टीत चार चार दिवस इस्तू पडंना. त्यात सिद्राम आला, जुनं लोखंड घेणारा अक्कलकोटकडचा व्यापारी. बसला, तंबाखू मळली आणि म्हणला, "धोंडिराम, नव्या घडवून दे की. मी लांब नेऊन विकतो. आन नळीच्या तोंडापाशी आतनं बोटभर आटे पाड. रायफल म्हणून खपत्यात. आत खोलवर कोण डोकावतंय?"

धोंडिरामनं चार घडवल्या. गाडीच्या चाकाची जुनी धाव तापवायची, सळईवर गुंडाळायची, सांध्यावर टाकणखार टाकून पुन्हा भट्टीत घालायची. लोखंड पांढरं पडून ठिणग्या सोडायला लागलं की बाहेर काढायचं, आणि मग तीन घाव. तीन घावांत सांधा बसला तर बसला. लोखंड लाल पडल्यावर मारलेला घाव वरनं नुसता चपटा करतो, आत फट तशीच ऱ्हाती.

चौथ्या बंदुकीच्या वक्ताला नागूबाईला आठवा म्हैना व्हता. पोटात धड भाकर न्हाय. शेवटचा सांधा ऱ्हायला व्हता, बुडापासनं वीतभर वर. पैला घाव पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला तिनं घण डोक्यावर नेला आणि कमरंतनं कायतरी सुटल्यागत झालं. घण बाजूला पडला, ती खाली बसली. पायाखाली सगळं वलं. धोंडिरामनं तिला उचललं, पण उचलायच्या आधी त्यानं लोखंडाकडं बघितलं. ते तिनं बघितलं. कधी बोलून दाखवलं न्हाय. लोहार हाय, लोखंडाकडं बघणारच.

पोरगी मेलेली जल्माला आली. धोंडिरामनं फडक्यात गुंडाळून नेली. कुटं पुरली ते तिनं इचारलं न्हाय आणि त्यानं सांगितलं न्हाय. चौथ्या दिवशी त्यानं तो सांधा पुन्हा तापवला, एकट्यानंच लहान हातोडीनं ठोकला, कानशीनं घासून गुळगुळीत केला आणि त्याच्यावर पितळंचं कडं चढवलं. बाकीच्या बंदुकांना दोन कडी, हिला तीन.

"ही दिऊ नगा," नागूबाई आतनं पडल्या पडल्या म्हणली.

"मग तुला काय घालू खायला? ऐरण?"

सिद्राम आला, त्याला तिसरं कडं लई आवडलं. शोभा हाय म्हणला. घेऊन गेला. त्याच्या बदल्यात आलेली मिलो, दुष्काळातली ती तांबडी परदेशी ज्वारी, नागूबाईनं शिजवली आणि दोघांनी खाल्ली.

चार वर्षं गेली. शहात्तरच्या पौषात, ज्वारी हुरड्यावरनं टणक व्हायला लागली व्हती तवा, एक दिवस दुपारचं दोन माणसं भट्टीवर आली. एक चन्नप्पा पाटील, मंगळवेढ्याकडच्या एका गावचा पोलीस पाटील. दुसरा त्याचा राखणदार येडू. हा येडू म्हणजे नागूबाईचा सख्खा धाकटा भाऊ. आईबाप पटकीत गेले तवा सहा वर्षांचा व्हता. तिनंच ह्या भट्टीवर वाढवला. आता सत्तावीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, पण तोंड तसंच चुरचुरीत. त्याच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली बंदूक व्हती.

"अक्का, च्या टाक," येडू लांबनंच म्हणला. "तुझा भाऊ रायफलवाला झाला."

"तुला काठी धरता येत न्हाय धड."

"काठीला डुकरं हसत्यात गं. कळपच्या कळप येतोय. परवा बांधावर उभा ऱ्हाऊन वरडलो, तर एक म्हातारं डुक्कर माझ्याकडं बगून खातच ऱ्हायलं. घरचं समजलं वाटतं."

"दिसतोयसबी तसाच," नागूबाई म्हणली. ती हसली, आणि धोंडिरामनं पोतं सोडलं.

तीन कडी.

धोंडिरामचा हात तितंच थांबला. त्यानं बायकोकडं बघितलं न्हाय. तिनंबी त्याच्याकडं बघितलं न्हाय. दोघं त्या बंदुकीकडं बघत ऱ्हायली, घरात सोयरा आल्यावर बघावं तशी.

"सिद्रामकडनं घेतली," पाटील बाजंवर बसत म्हणला. "पडून व्हती म्हणून निम्म्या किमतीत दिली लेकानं. माझ्या परवान्यावरची जुनी मोडली, तिचा नंबर तेवढा हिच्यावर ठोकून दे. पण आदी नीट पारख. येडू उडवणार हाय. बाद निघाली तर सिद्रामला सोडत न्हाय बघ. चौकीत नेऊन बसवतो. आणीबाणी हाय, फौजदार इचारत न्हाईत, नुसतं बडवत्यात. कुणी घडवली, कुटं घडवली, सगळं भडाभडा वकंल."

"व्हय की," धोंडिराम म्हणला.

आता दोघांनाबी कळलं व्हतं. बाद म्हणावं, तर सिद्रामच्या तोंडातनं धोंडिरामचं नाव येणार, बेड्या पडणार. चांगली म्हणावं, तर ती येडूच्या गालाला लागणार.

धोंडिराम पारखायला लागला. दुसरं काय करणार. दस्त्याला अंगठा घासला. बाभळीचंच लाकूड, वर तपकिरी रंग. घोडा ओढला, कमान ताठ व्हती. ती कमान चांगलीच व्हती, तिला पाणी त्यानंच पाजलं व्हतं. मग गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळून त्यानं नळीत घातली. खऱ्या रायफलीत आटे तळापतूर असत्यात, चिंधी त्यात अडकती आणि गज आत जाईल तसा हातात आपोआप फिरतो. हा गज बोटभर फिरला आणि पुढं सरळ गेला, विहिरीत काठी सोडल्यागत.

"फिरला की," पाटील म्हणला.

"फिरला," धोंडिराम म्हणला.

मग नळी टांगली. सळईनं वाजवली. लांब वाजायला सुरवात झाली आणि तिसऱ्या कड्यापाशी आवाज मेला. नागूबाई तितंच उभी ऱ्हायली. धोंडिरामनं ह्या खेपंला तिच्या पायांकडं बघितलं न्हाय.

"चालंल," म्हणला. "दारू हलकी भरायची तेवडी."

तो नंबर ठोकायची छिन्नी आणायला मागच्या खोलीत गेला. नागूबाई त्याच्या मागं गेली आणि त्याच्या कानापाशी तोंड नेऊन बोलली, "माजा भाऊ हाय."

"मला काय दिसत न्हाय का?"

"मग बाद म्हना."

"आन मी आत जातो? परवाना जाईल, मी जाईन. तू कुणाच्या दारात उबी ऱ्हाशील?" त्यानं फळीवरनं छिन्नी घेतली. "आठ दिवसांनी दुरुस्तीला आण म्हणतो. नळीच बदलतो. कुणाला कळनार न्हाय. तवर अर्दी भर म्हणून सांगतो येडूला."

"येडू अर्दी भरंल? तुमी वळकत न्हाई व्हय त्याला?"

"भरंल. मी सांगतो न्हवं."

ती पुढं आली. येडू रांजणापाशी पाणी पीत व्हता. तिनं त्याच्या दंडाला धरलं. "येडबा, ती उडवू नगं."

"का गं?"

का ते सांगता आलं असतं तर सगळंच सोपं व्हतं. पण येडूच्या पोटात काय ऱ्हात न्हवतं. सकाळी ऐकलेलं दुपारी पाटलाला सांगणार. "मला आवाज बरा वाटला न्हाय," ती म्हणली.

"दाजींनी पास केली अक्का. तुला आवाजातलं काय कळतंय?" आणि तिच्या गालाला वल्या हाताचं बोट लावून तो गेला.

पारखीची उडवायची रीत अशी, की नळी परत दस्त्यात बसवून बंदूक बाभळीच्या खोडाला सुंभानं आवळायची, चापाला सुतळी बांधायची आणि भिंतीआड जाऊन वढायची. पारखीला दारू दुप्पट घालायची, म्हणजे रोजच्या मापाला नळी दगा देत न्हाय. धोंडिरामनं शिंगाचं दुप्पट माप भरलं, पाटलाकडं पाठ केली आणि निम्मी दारू परत पिशवीत सोडली. उरलेली नळीत वतली. हे फकस्त नागूबाईनं बघितलं. एकवीस वर्षांत त्यानं माप मारलेलं तिनं पैल्यांदा बघितलं.

सुतळी वढली. आवाज झाला, धूर झाला, बाभळीवरची पाखरं उडाली. नळी जशीच्या तशी.

"हौदप्पा," पाटील खूश होऊन कानडीतनं म्हणला. "दुप्पट सोसली की रं हिनं. येडू, आज रातच्याला दोन मापं घाल. एकाच बारात आडवं पडलं पायजे. डुकराच्या कातड्याला हलका बार म्हंजे खाज सुटल्यागत."

"दोन काय, तीन घालतो," येडू म्हणला.

"हलकी भरा म्हणलो मी," धोंडिराम म्हणला.

"आता समोर दुप्पट उडवलीस न्हवं तू?" पाटील म्हणला.

धोंडिरामनं वळून दारूच्या पिशवीचं तोंड आवळलं.

येडूनं बंदूक सोडवली, गालाला लावून एक डोळा मिटून बघितलं. तिसरं कडं त्याच्या डाव्या पंजाच्या खालीच येत व्हतं आणि डोळा तितनं हातभर मागं.

नागूबाई गेली आणि त्याच्या हातातनं बंदूक घेतली. बहीण बघायला मागती असं वाटून त्यानं सोडली. ती ऐरणीपाशी आली. बंदूक आडवी ठेवली, तिसरं कडं ऐरणीच्या काठावर येईल अशी. मग घण उचलला.

धोंडिरामला कळलं. त्याच्या हातात लहान हातोडी व्हतीच. त्यानं मोकळ्या ऐरणीवर दोनदा मारली. टणटण. थांब.

घण डोक्यावर व्हता. नागूबाईनं ऐकलं आणि मारला.

कडं तुटून भात्यापाशी जाऊन पडलं. नळी त्याच्याखाली उकललेली, शेंग उकलावी तशी सरळ रेषंत. नवं तुटलेलं लोखंड चकाकतं. ही फट आत काळी व्हती, गंजलेली, भट्टीची राख चार वर्षं आत तशीच बसलेली. पाटलानं वाकून बघितलं. अंगठ्याचं नख आत घातलं, ते निम्मं आत गेलं.

येडू म्हणला, "अक्का, पाटलांची बंदूक मोडलीस. खुळी झालीस काय?"

पाटील तसा हुशार माणूस. तो बंदुकीवर रागावला न्हाय. तुटलेल्या कड्याकडं बघितलं, मग नागूबाईकडं. "बाई, तीन कडी व्हती," म्हणला. "घाव हितंच का घातलास?"

नागूबाईला दम लागला व्हता. खोटं काय बोलावं ते तिला सुचलं न्हाय, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. "ह्या सांध्याचा तिसरा घाव माझा ऱ्हायला व्हता," ती म्हणली.

धोंडिराम ऐरणीच्या लाकडावर खाली बसला आणि हातोडी मांडीवर ठेवली.

पाटलाला आता आपलं वाचवायचं व्हतं. बिनपरवान्याची बंदूक त्यानंच घेतली व्हती, जुना नंबर ठोकून दे म्हणून त्यानंच सांगितलं व्हतं. तो तसाच तडक चौकीत गेला. चोरटा माल माझ्या नजरंला आला, मी लोहारापतूर माग काढला, असं त्यानं लिहून दिलं. संध्याकाळच्या आत पोलिस भट्टीवर आले. परवाना काचंसकट भिंतीवरनं काढला. सळया, छिन्न्या, कानशी पोत्यात भरल्या आणि धोंडिरामला बेड्या घालून नेलं.

नागूबाई धोंडिरामच्या मागं चौकीत गेली. फौजदाराच्या म्होरं उभी ऱ्हाऊन म्हणली, "बंदूक मी घडवली. ह्यांना कायबी ठाव न्हाय."

फौजदार कागदावरनं मान वर न काढता म्हणला, "बाई बंदूक घडवती व्हय?"

"घण माझाच व्हता."

"जा घरी. भाकरी घडव."

तितले सगळे हसले. धोंडिराम हसला न्हाय, पण त्यानं तिच्याकडं बघितलंबी न्हाय. त्याला एक वर्षाची सजा लागली. सिद्राम व्यापारी त्या दिवसापासनं सोलापुरात कुणाला दिसला न्हाय.

येडूला पाटलानं दुसऱ्याच दिवशी कामावरनं काढला. तो भट्टीवर आला तो भांडायलाच. "दाजी आत गेले, माझी भाकर गेली," म्हणला. "तुला कुणी सांगितलं व्हतं? मी मेलो असतो तर मी मेलो असतो."

"तू मेला नसतास," नागूबाई म्हणली. "आंदळा झाला असतास. हात गेला असता. मग तुझी लेकरं मी वाढवली असती व्हय, तुझ्यागत?"

"तोंड बगणार न्हाय तुझं."

"नगं बगू."

तो गेला तो गेलाच. बायकोपोरं घेऊन माढ्याकडं ऊसतोडीला लागला. नागूबाई एकटी विळे करायला लागली. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडी. पोलिसांनी घण नेला न्हवता, पण एका माणसाला घणाचं काम होत न्हाय. लोकांनी यायचं कमी केलं. काही भीतीनं, काही नवऱ्याला आत घालणारी बाई म्हणून. धोंडिरामला भेटायला ती म्हैन्यातनं एकदा जेलवर जायची. तो येऊन उभा ऱ्हायचा, काय बोलायचा न्हाय. ती भट्टीचं सांगायची, कुणाचा विळा केला, कोळसा कसा मिळंना झालाय. वेळ संपला की तो आत जायचा. तरी पुढच्या म्हैन्याला ती जायचीच.

पुढच्या मार्गशीर्षात ती माढ्याच्या बाजाराला खुरपी विकायला गेली, तितं येडूची बायकू बजाबाई भेटली. बजाबाईनं आधी इकडं तिकडं बघितलं, मग पाया पडली.

"कसा हाय?" नागूबाईनं इचारलं.

"हायत. ऊस तोडत्यात. अक्का, काय सांगू, जेवताना चुकून तुमचं नाव निघालं तर ताटावरनं उठत्यात."

"कोयता उजव्या हातानं चालवतो न्हवं? आन मोळी डाव्यानं धरतो?"

"व्हय."

"दोनी डोळ्यांनी दिसतंय?"

बजाबाईला काय कळंना. "दिसतंय की."

"मग उठू दी," नागूबाई म्हणली. तिनं टोपलीतलं एक खुरपं बजाबाईच्या हातात ठेवलं, कुणी दिलं ते सांगू नगं म्हणली, आणि उरलेली खुरपी मांडायला खाली बसली.